‘खुद्द’ : दोन अक्षरांचा इतिहास

बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. पुण्यानुमोदन आटोपल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली. आत बाबासाहेबांचा फोटो, समता सैनिक दलाची जुनी टोपी आणि चार घड्या घातलेला एक सातबारा. १९५६-५७ सालचा. कर्जत तालुक्यात उल्हासकाठच्या आमच्या गावातलं एक भातखाचर. सातबारा आमच्या नावाचा नव्हता. मग बाबांनी तो जन्मभर का जपला?

बाराच्या भागात तेव्हा जमीन करणाऱ्याच्या नावाचा रकाना असायचा. त्यात दोनच अक्षरं होती : ‘खुद्द’. म्हणजे मालक स्वतः कसतो. मालक कल्याणला राहायचा, सुगीला गाडी घेऊन यायचा. राब भाजणारे हात माझ्या आजीचे, नांगराची मूठ आज्याच्या हातात, चिखलणी-लावणी सगळी आमच्या घराची. कागदावर मात्र खुद्द.

दोस्तांनो, आपण सभांमधून ‘कायदा करा’ अशी मागणी करतो. जमिनीचे कायदे काही कमी झाले नाहीत. ते कोणाच्या दारात थांबले आणि कोणाला ओलांडून गेले, एवढंच मला आज मांडायचं आहे.

आपला कुलाबा जिल्हा, १९८१ पासून ज्याला रायगड म्हणतात, तो जमिनीच्या लढ्याचा जिल्हा. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला. खोताची जमीन नांगरायची नाही, मग उपाशी राहिलो तरी चालेल. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी कौन्सिल हॉलवर चालून गेले. राज्य काँग्रेसचं होतं. बिल पास झालं नाही. खोती कायद्यानं गेली ती १९४९ साली.

आमच्या कर्जत-खालापूरला सावकाराचा फास मोठा. आषाढात कणगी रिकामी. मणभर भात उचलायचं आणि सुगीला दीड मण घालायचं. माथेरानचे भाई कोतवाल, जातीनं न्हावी, शिक्षणानं वकील. त्यांनी यावर धान्यकोठी काढली, म्हणजे गरिबानं सावकाराकडे न जाता कोठीकडे यावं. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते पोलिसांच्या गोळीनं गेले. आज त्यांना हार घालणारे पुष्कळ आहेत. धान्यकोठी का काढावी लागली, हे विचारणारे थोडे.

मग आला १९४८ चा कुळकायदा, आणि त्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून कसत होता तो मालक मानला गेला. किंमत आकाराच्या २० ते २०० पट, तीही हप्त्यानं. हे लहान काम नव्हे. आमच्याच गावातल्या आगरी-कुणबी घरांना त्यामुळं जमिनी मिळाल्या, पोरं शिकली. त्याचा आकस आपण धरायचा नाही. पण कूळ म्हणजे कोण, ही व्याख्या उघडून वाचा. पिकाचा वाटा देऊन दुसऱ्याची जमीन कसणारा तो कूळ. पैशानं किंवा धान्यानं ठरीव मजुरी घेऊन तेच काम करणारा तो नोकर, त्याला हक्क नाही. आणि ‘जातीनं कसणं’ म्हणजे काय? स्वतःच्या अंगमेहनतीनं कसणं, हे तर आलंच. पण गडी लावून स्वतःच्या देखरेखीखाली करून घेणं, हेही कायद्यानं जातीनं कसणंच धरलं.

बाबा सांगायचे ते आता जुळतं. आज्याला आधी अर्धेलीनं भात मिळायचं. कायद्याची चर्चा सुरू झाली तशी मालक एकदा खळ्यावर म्हणाला, ‘‘अरे, वाटा-बिटा कशाला? पाऊस दगा देतो. तुला वर्षाचं भात ठरवून देतो, निवांत राहा.’’ आज्याला बरंच वाटलं. घरात खाणारी तोंडं सात. त्या दिवशी खळ्यावर आजा कुळाचा गडी झाला आणि त्याला ते कळलंही नाही. खाचर तेच, बैल तेच, चिखल तोच. बदलली फक्त मापाची रीत. १९५७ चा एप्रिल आला तेव्हा त्याच्या नावाचा कुठं कागद नव्हता. ज्यांची नावं होती त्यांच्यातलेही काही मालकाच्या भिडेनं सुनावणीला गेले नाहीत, काहींनी ‘मला घ्यायची नाही’ असा जबाब दिला. त्यांचीही खरेदी निष्फळ ठरली.

बाबासाहेबांनी हे आधीच ओळखलं होतं. १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये त्यांनी स्पष्ट मांडलं की कुळाचे कायदे अस्पृश्यांच्या उपयोगाचे नाहीत, कारण अस्पृश्य हा कूळसुद्धा नाही, तो नुसता भूमिहीन मजूर आहे. म्हणून त्यांची मागणी वेगळी होती. जमीन राज्याच्या मालकीची, ती जातपात न बघता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी द्यायची. मालक नको, कूळ नको, भूमिहीनही नको. ती संविधानात आली नाही. आपण जयंतीला संविधान डोक्यावर घेतो ते बरोबरच आहे, पण बाबासाहेबांचा हा मागे राहिलेला कागदही वाचला पाहिजे.

कोणी म्हणेल, महारांना वतनाची जमीन होती ना? होती. गावाची, सरकारची रात्रंदिवस चाकरी, आणि त्यापोटी डोंगराकडचा एक तुकडा, त्यात भावकीचे वाटे. ही गुलामी संपवायला बाबासाहेबांनी १९२८ सालीच बिल आणलं होतं. कनिष्ठ वतनं खालसा झाली १९५८ च्या कायद्यानं, १ ऑगस्ट १९५९ पासून. जमीन परत घ्यायची तर आकाराच्या तिप्पट रक्कम मुदतीत भरायची, आणि नंतरही ती नव्या शर्तीची : कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आमच्या भावकीत काहींनी रक्कम भरली. काही मुंबईला गिरणीत होते, त्यांना मुदत संपल्यावर कळलं.

त्याच १९५९ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. डिसेंबर १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षानं तो देशभर नेला, माणसांनी तुरुंग भरले. कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ चा. १९७५ ला मर्यादा खाली आणली, आपल्याकडच्या भातजमिनीला ३६ एकर. पण ३६ एकर भात असणारा मालक आधीच भाऊ, मुलगे, पुतणे यांच्या नावानं कागदावर वाटणी करून बसलेला. जादा जमीन निघणार कुठून?

ठाकर-कातकऱ्यांचं दुःख आपल्याहून खोल. १९७४ सालच्या कायद्यांनी आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे परवानगीशिवाय जाऊ नये असं केलं. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ मध्ये गेलेली परत देण्याची सोय केली. पण ज्याच्या नावावर कधी नव्हतीच त्याला काय परत देणार? या दोन तालुक्यांतल्या कित्येक कातकरी वाड्या आजही खासगी मालकाच्या जमिनीवर उभ्या आहेत. वीटभट्टीवरून माणूस परत येईपर्यंत वाडीला कुंपण पडतं. डोंगरावरच्या दळी जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसल्या, पण मालक वनखातं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं दार उघडलं. त्यातही आदिवासी नसेल त्याला तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा पुरावा लागतो. पुन्हा कागद.

आता आजचं बघा. कर्जत, नेरळ, खोपोली, चौक या बाजूला फार्महाऊसं उठली. २०१४ च्या दुरुस्तीनं कुळकायद्यात मिळालेली जमीन दहा वर्षांनंतर आकाराच्या ४० पट नजराणा भरून विकायची मोकळीक दिली. घेणारा मात्र शेतकरी हवा, एरवी कलेक्टरची परवानगी काढावी लागते. शहरातला माणूस कुठल्यातरी गावचा सातबारा दाखवतो, माळी ठेवतो, शनिवारी येऊन देखरेख करतो. तो शेतकरी. त्याच्या बंगल्यामागं लावणी करणारी आमची बाई शेतकरी नाही. भूमिहीन दलितांना ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत देणारी दादासाहेब गायकवाडांच्या नावाची योजना आहे, पण फार्महाऊसच्या भावापुढं सरकारी भावात इथं जमीन विकतो कोण?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. संपत्तीची वाटणी कायद्याच्या नावात नसते, व्याख्येच्या कलमात असते. मोर्चाला घोषणा लागते, ती द्याच. पण घोषणेच्या आधी कलम वाचा. जिथं ‘देखरेख’ आहे तिथं ‘श्रम’ घाला, ही मागणी लावून धरा. तोवर हातचं काम सोडू नका. प्रत्येक वाडीत बसून कोणाचं घर कोणाच्या सर्व्हे नंबरावर आहे ते उतरवा. शेतमजुराच्या राहत्या घराला कुळकायद्यातच संरक्षण आहे, ते मागा. वनहक्काचे दावे ग्रामसभेत लावा. पीकपाहणीच्या वेळी बांधावर हजर राहा. आणि कातकऱ्याच्या वाडीवर जाताना ‘हे आपलं नाही’ असं म्हणू नका. आपल्या आज्याला जे कळलं नाही तेच त्यांना आज कोणी कळू देत नाही.

बाबांनी तो सातबारा का जपला, हे मला उशिरा समजलं. त्यांना तो दाखवायचा होता. मी तो तुम्हाला दाखवला.

जय भीम.