ठेंगण्या गाडीची कुळकथा

मोठेपणाचें स्थान उंचावर असतें, अशी सर्व देशांतील लोकांची फार जुनी समजूत आहे. राजा अंबारींत बसतो, सरदार घोड्यावर बसतो आणि हुजऱ्या पायीं चालतो. 'वरचा' आणि 'खालचा' हे शब्द जागेचे असूनही आपण ते योग्यतेसाठीं सर्रास वापरतों. विसाव्या शतकांत मात्र वाहनांच्या बाबतींत ह्या समजुतीला उलट दिशा मिळाली. मोटार प्रथम निघाली तेव्हां ती घोडागाडीसारखीच उंच होती; पुढें ती जसजशी ठेंगणी होत गेली, तसतशी अधिक प्रतिष्ठित ठरूं लागली. आज अनेक देशांतील हौशी तरुण विकत आणलेली गाडी घराच्या आवारांत उभी करून तिचीं चाकें काढितात, मूळच्या स्प्रिंगा उतरवितात, आणि उंची कमीजास्त करतां येईल असें नवें साधन स्वतःच्या हातानें त्या जागीं बसवितात. शहाणीं माणसें ह्याला पोरखेळ म्हणतात. परंतु ह्या पोरखेळाला कुळ आहे, आणि त्या कुळाच्या इतिहासांत एका उपेक्षित समाजाचा मान गुंतलेला आहे. तो इतिहास थोडक्यांत सांगावा, असा प्रस्तुत लेखांत आमचा विचार आहे.

प्रथम यंत्राची गोष्ट सांगूं. बैलगाडीचा आंस थेट साट्याखालीं असतो; म्हणून वाटेंतला प्रत्येक दगड बसणाऱ्याच्या पाठीच्या कण्याला कळतो. टांग्याखालीं कमान आली आणि हा निरोप मध्येंच अडविला गेला. कमान म्हणजे एकावर एक रचलेले लवचीक पोलादाचे पाटे. मोटारीनें घोडागाडीपासून ही कमानच उसनी घेतली. पुढें १९३४ सालीं अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें आपल्या कित्येक गाड्यांच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र जोडणी आणि वेटोळ्याची स्प्रिंग दिली, व ही पद्धति हळूहळू रूढ झाली. स्प्रिंगचा स्वभाव रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालींच सांगून ठेविला होता. ज्या प्रमाणांत भार, त्या प्रमाणांत ताण, हें त्याचें सूत्र. आतां स्प्रिंगचें एक वेटोळें कापून टाकिलें तर ती आखूड होते, पण त्याबरोबरच ताठही होते. कारण भाराखालीं दबणारीं वेटोळीं संख्येनें कमी झालेलीं असतात. म्हणजे अशी गाडी खालीं येते ती आपला मऊपणा गमावूनच येते, आणि एकदां खालीं आली कीं पुन्हां वर जाऊं शकत नाहीं. पुढील सारी कथा ह्या पेचाभोंवतीं फिरते.

गाडी ठेंगणी असावी ही आवड प्रथम कारखानदारांचीच होती, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. जनरल मोटर्सच्या गाड्यांना रूप देणारे हार्ले अर्ल ह्यांनीं १९५४ सालीं उघडपणें लिहिलें होतें कीं, अमेरिकन मोटार अधिक लांब आणि अधिक ठेंगणी करणें हाच आपला इतक्या वर्षांचा मुख्य उद्योग आहे. १९५५ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत सित्रोएन कंपनीनें आपली 'डी.एस.' ही गाडी मांडली. तिच्यांत पोलादी स्प्रिंगच्या ऐवजीं दाबलेला वायु व तेल ह्यांची योजना असून, चालकाला एका दांड्यानें गाडीची उंची बदलतां येत असे. १९५७ सालच्या एका अतिशय महागड्या कॅडिलॅकला तर हवेच्या स्प्रिंगा कारखान्यांतूनच बसवून मिळत. श्रीमंतांच्या दारीं ह्या गुणाला सुधारणा असें नांव होतें. तोच गुण गरिबांच्या आळींत गेला तेव्हां त्याचें नांव काय पडलें, तें आतां पाहूं.

लॉस एंजेलिस शहराच्या पूर्व भागांत मेक्सिकन वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. १९३० नंतरच्या मंदींत ह्या समाजांतील असंख्य लोकांना मेक्सिकोंत धाडून देण्यांत आलें. त्यांत जन्मानें अमेरिकन नागरिक असलेले कितीतरी होते. १९४३ च्या जून महिन्यांत तर खलाशी व शिपाई ह्यांनीं शहरांतून हिंडून, ढगळ कोट व रुंद विजारी घालणाऱ्या मेक्सिकन तरुणांना शोधून काढून मारलें आणि भर रस्त्यांत त्यांचे कपडे उतरविले. ज्या समाजाला कपड्याची हौससुद्धां निर्वेध करतां येत नव्हती, त्याच्या तरुणांच्या हातीं युद्धानंतर जुन्या मोटारी आल्या. नवी शेव्हरोलेट घेणें बहुतेकांच्या ऐपतींत नव्हतें. पण वापरलेली गाडी घेऊन ती घरीं नटविणें शक्य होतें. त्यांनीं मागच्या पेटींत वाळूचीं पोतीं टाकून गाडी दबविली, कोणी वेटोळीं कापिलीं, कोणी स्प्रिंगा तापवून बसत्या केल्या. ह्या गाड्यांना 'लो-रायडर' असें नांव पडलें.

त्याच प्रांतांत दुसरे तरुण जुन्या गाड्यांचीं इंजिनें वाढवून शर्यती लावीत. त्यांचा मोह वेगाचा होता. शर्यतीच्या गाडीला ठेंगणेपणा हवा असतो तो गुरुत्वमध्य खालीं यावा आणि वळणावर गाडी कलूं नये म्हणून. लो-रायडरवाल्यांना ठेंगणेपणा हवा होता तो अगदीं उलट हेतूनें. त्यांचें ब्रीद मंदगतीचें होतें. रविवारीं संध्याकाळीं कुटुंबासह धुतलेल्या, रंगविलेल्या गाडींतून हमरस्त्यानें सावकाश जावें, लोकांनीं आपणांस पाहावें, आपण लोकांस पाहावें, एवढाच त्यांतला आनंद होता. आमच्याकडे पोळ्याला सजविलेले बैल वाजतगाजत निघतात, त्यांनाही कोठें लवकर पोंचावयाचें नसतें.

१९५८ च्या सुमारास कॅलिफोर्निया राज्याच्या वाहन-कायद्यांत चोवीस हजार आठव्या क्रमांकाचें कलम आलें. मूळ रचनेंत फेरफार करून ज्या गाडीचा कोणताही भाग चाकाच्या लोखंडी कड्याच्या खालच्या कांठापेक्षां खालीं आणिला असेल, ती रस्त्यावर चालविणें त्यानें गुन्हा ठरविलें. ह्या मापांत अर्थ नव्हता असें नाहीं. टायर एकाएकीं फुटून चाक कड्यावर आलें तरी गाडीचें पोट जमिनीस घांसूं नये, ही दृष्टि सुरक्षिततेचीच आहे. परंतु कायद्याचा शब्द एक असतो आणि त्याचा हात दुसऱ्याच ठिकाणीं पडतो. पोलिसाला मोजपट्टी लावण्याचें निमित्त मिळालें, आणि ती पट्टी कोणाच्या गाडीखालीं अधिक वेळां जाणार हें उघड होतें.

ह्या मनाईचें फळ मात्र कोणी कल्पिलें नसेल असें निघालें. रॉन अगिरे नांवाच्या तरुणानें १९५९ सालीं आपल्या कॉर्व्हेट गाडीला विमानांच्या मोडींतून मिळणारे तेलाचे पंप आणि झडपा जोडल्या. महायुद्धानंतर असलें सामान कॅलिफोर्नियांत स्वस्त मिळे. कळ दाबली कीं पंपाच्या जोरानें तेल दट्ट्याखालीं शिरे आणि गाडी उचलली जाई; झडप उघडली कीं गाडीच्या स्वतःच्याच भारानें तेल परत फिरे आणि गाडी खालीं बसे. आतां पोलीस दिसतांच गाडी कायद्याच्या उंचीवर, आणि तो वळणाआड जातांच पुन्हां जमिनीलगत! कापलेल्या स्प्रिंगचा जो पेच हूकच्या नियमानें घातला होता, तो ह्या युक्तीनें सुटला. ज्या कायद्यानें ठेंगणी गाडी बंद करावयाची, त्यानेंच उंची बदलणाऱ्या गाडीला जन्म दिला, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

पुढील वीस वर्षांत ही कला घरोघर पसरली. १९५८ ते १९६४ सालच्या शेव्हरोलेट इम्पाला गाड्या त्यांच्या सांगाड्याच्या सोयीमुळें विशेष आवडत्या झाल्या. गाड्यांचीं मंडळें निघालीं. त्यांपैकीं 'ड्यूक्स' हें १९६२ सालचें. पूर्व लॉस एंजेलिसमधील व्हिटियर मार्ग ह्या मिरवणुकीचें मुख्य स्थान होतें. १९७० च्या २९ ऑगस्ट रोजीं, व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध चिकानो लोकांनीं काढलेली मिरवणूक पोलिसांनीं मोडली त्या दिवशीं, ह्याच मार्गावर रूबेन सालाझार हा ख्यातनाम पत्रकार शेरीफच्या शिपायानें सोडलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्यानें मारला गेला. तेव्हां ह्या रस्त्यावरून सावकाश गाडी हांकणें म्हणजे रस्ता आमचाही आहे असें न बोलतां सांगणें होतें. १९७७ सालीं सॅन होसे येथें 'लोरायडर' हें मासिक निघालें. पण गर्दी, भांडणें व रहदारीचा खोळंबा ह्या कारणांवरून १९८० नंतरच्या दशकांत अनेक नगरांनीं असा फेरफटकाच बंद केला. हीं कारणें सर्वस्वीं खोटीं नव्हतीं. मात्र थोड्यांच्या दांडगाईची शिक्षा सर्वांच्या उत्सवाला झाली.

उंची बदलण्याच्या विद्येची दुसरी शाखा शर्यतीच्या मैदानावर वाढली. तेथें स्प्रिंग आणि धक्का शोषणारी नळी हीं एकांत एक बसविण्यांत आलीं, आणि नळीच्या बाहेरून आटे पाडून त्यांवर एक कडें फिरतें ठेविलें. कडें खालीं फिरविलें कीं स्प्रिंगचें बूड खालीं जातें आणि गाडी उतरते. वर फिरविलें कीं गाडी चढते. अगिरेच्या पंपानें जें काम क्षणांत होई, तें येथें एका आंकडेदार पान्यानें सावकाश होतें. स्प्रिंग न कापतां गाडीची उंची बदलावयाची, हें तत्त्व दोहोंकडे एकच.

हींच आट्यांचीं नळकांडीं आजचा हौशी मनुष्य घरीं बसवितो. त्यानें ह्या विद्येची धारही ओळखली पाहिजे. दाबलेल्या स्प्रिंगमध्यें हात मोडण्याइतकें बळ सांठलेलें असतें. ती आवळून धरल्यावांचून वरची चाकी सोडणें म्हणजे प्राणाशीं खेळ होय. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कधींही शिरूं नये. भक्कम घोड्या लावाव्यात. रबरी सांधे चाकें अधांतरीं असतांना पक्के आवळले तर ते गाडी टेंकल्यावर पिळले जाऊन लवकर फाटतात. शिवाय गाडी उतरली कीं चाकांचा कल बदलतो, दिव्यांचा झोत खालीं येतो, ब्रेकच्या नळ्यांची ठेवण बदलते. म्हणून शेवटचें मोजमाप जाणत्याकडून करवून घ्यावें. जर्मनीसारख्या देशांत असा फेरफार अधिकृत परीक्षकाकडून तपासून नोंदवावा लागतो. आमच्याकडेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या बावन्नाव्या कलमान्वयें नोंदणींतील तपशिलाशीं विसंगत असा बदल करण्यास मुभा नाहीं. ह्या बंधनांचा आम्ही उपहास करीत नाहीं. कायदा गाडी तपासतो तोंवर तो योग्यच आहे. चालकाचा वर्ण तपासूं लागला म्हणजे बिघडतो.

आतां कथेचा शेवट. न्यू मेक्सिकोंतील चिमायो गांवच्या डेव्हिड हारामियो ह्यानें एक फोर्ड गाडी सजविण्यास घेतली होती. १९७८ सालीं तो वारला, तेव्हां त्याच्या पत्नीनें व कुटुंबानें ती पुरी केली. आज ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास-संग्रहालयाच्या मालकीची आहे. गुलाबांच्या चित्रांनीं मढविलेली हेसुस वालादेस ह्यांची 'जिप्सी रोज' ही इम्पाला २०१७ सालीं राष्ट्राच्या ऐतिहासिक वाहनांच्या नोंदींत आली. आणि २०२३ सालीं कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानें कायदा करून फेरफटक्यावरील बंदीचा नगरांचा अधिकार काढून घेतला, व त्यासोबत गाडीच्या ठेंगणेपणावरील जुनें कलमही रद्द केलें. १ जानेवारी २०२४ पासून तो अंमलांत आला.

ज्या गाडीखालीं एके काळीं पोलिसाची मोजपट्टी गेली, तिच्याभोंवतीं आज संग्रहालयाची दोरी आहे. ह्या साठ-पांसष्ट वर्षांत लोखंडाचा नियम मुळींच बदलला नाहीं. स्प्रिंग आजही हूकनें सांगितल्याप्रमाणेंच दबते. बदलली ती पाहणाऱ्यांची नजर, आणि ती बदलावी म्हणून एका समाजाला दोन पिढ्या रविवारमागून रविवार त्याच रस्त्यानें, घाई न करतां, फिरत राहावें लागलें.