इप्ससचे हत्ती आणि मार्चअखेर

बदलीच्या नोकरीत नवे गाव, नवे घर आणि नवा शेजार यांची सवय होते. पण काही शेजारी लक्षात राहतात. २०२२च्या डिसेंबरात सिकंदराबादला रुजू झालो, तेव्हा पलीकडच्या घरात एक निवृत्त कर्नल राहत होते. मूळचे साताऱ्याकडचे. दारावरची मराठी पाटी वाचून त्यांनी चहाला बोलावले. त्यांच्या जेवणाच्या मोठ्या टेबलावर हिरवे कापड अंथरलेले होते आणि त्यावर बोटाच्या पेराएवढ्या धातूच्या सैनिकांच्या दोन फौजा समोरासमोर उभ्या होत्या. एका फौजेच्या मागे हत्तींची लांब रांग होती.

"ही इप्ससची लढाई. इ. स. पूर्व ३०१," ते म्हणाले. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर त्याच्या सरदारांत साम्राज्याच्या वाटणीवरून जे दीर्घ युद्ध पेटले, त्यातील ही निर्णायक लढाई. अँटिगोनसचा मुलगा डिमिट्रियस घोडदळ घेऊन शत्रूचा पाठलाग करत दूर गेला. परतताना सेल्यूकसच्या हत्तींनी त्याची वाट अडवली. आणि ऐंशीच्या घरातला वृद्ध अँटिगोनस रणांगणावर एकटा पडून मारला गेला.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. माझ्या तोंडून सहज निघाले, "कर्नलसाहेब, पण सेल्यूकसकडे इतके हत्ती आले कुठून?"

ते हसले. "अहो, लढाईत हत्ती असतात. ते कुठून आले, हे मोहिमेत कळते."

या उत्तराचा अर्थ समजायला मला पुढची दोन वर्षे लागली. तो वाचकांपुढे मांडावा, म्हणून हा लेख.

हत्ती आले होते आपल्याकडून. इ. स. पूर्व ३०३च्या सुमारास सेल्यूकस आणि चंद्रगुप्त मौर्य यांच्यात तह झाला. सिंधूपलीकडचे काही प्रांत सेल्यूकसने चंद्रगुप्ताला सोडून दिले आणि मोबदल्यात, ग्रीक ग्रंथकारांच्या सांगण्यानुसार, ५०० हत्ती मिळवले. इप्ससला त्याच्या बाजूने सुमारे ४०० हत्ती उभे होते, असे प्लुटार्क सांगतो. म्हणजे फ्रिजियातील त्या मैदानाचा निकाल दोन वर्षे आधी, हजारो मैलांवर, एका देवघेवीने निम्मा ठरला होता. टेबलावर नुसती इप्ससची लढाई मांडली की हत्ती दिसतात, त्यांची किंमत दिसत नाही. ती प्रांतांत मोजली गेली होती.

युद्धखेळांच्या परंपरेतील जुनी अडचण नेमकी हीच आहे. आपल्या चतुरंगाच्या नावातच सैन्याची चार अंगे आहेत. पायदळ, घोडदळ, हत्ती, रथ. पण बुद्धिबळाच्या पटावर कोषागार नाही आणि जनपदही नाही. सैन्य पहिल्याच क्षणी पूर्ण उभे असते. मेलेले प्यादे कोणाचे शेत ओस पाडत नाही. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ पिता-पुत्रांनी नकाशावर खेळायचा युद्धखेळ घडवला. मुलाने १८२४ साली त्याची नियमावली प्रसिद्ध केली आणि अधिकाऱ्यांच्या शिक्षणात तिचा वापर होऊ लागला. कोष्टके आणि फासे यांचे ओझे पुढे इतके वाढले, की १८७६ साली व्हर्डी दु व्हर्न्वा या अधिकाऱ्याने बहुतेक नियम बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवण्याचा पुरस्कार केला. नियम की विवेकाधिकार, हा वाद आपल्या सचिवालयांपुरताच आहे, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास जरूर पाहावा.

विसाव्या शतकात हा खेळ हौशी नागरिकांच्या हाती आला. इंग्लंडमध्ये प्राचीन युद्धांच्या खेळाला संघटित रूप देणाऱ्यांत टोनी बाथ यांचे नाव अग्रभागी आहे. १९६५ साली त्यांनी 'सोसायटी ऑफ एन्शंट्स' स्थापन केली. सुट्या लढाया खेळून त्यांचे समाधान होत नसे. म्हणून 'हायबोरिया' या कल्पित भूखंडावर त्यांनी कित्येक वर्षे एक मोहीम चालवली. राजे, सरदार, त्यांचे स्वभाव, महसूल, फौजा असा सारा पसारा त्यांनी सांभाळला आणि त्या अनुभवावर १९७३ साली पुस्तक लिहिले. कर्नलसाहेबांना त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण ते म्हणतात, "एवढे राज्य चालवायला बाथ लागतो. तो सगळ्यांकडे नसतो."

यावर हौशी मंडळींनी काढलेला मार्ग फार शहाणपणाचा आहे. प्राचीन साम्राज्यांवरचा एखादा सोपा, तयार पटखेळ घ्यायचा. कर, लोकसंख्या, हालचाली, तह हे सारे त्या पटावर चालू द्यायचे. दोन फौजा एका प्रदेशात भिडल्या की तेवढी लढाई टेबलावर लढायची आणि निकाल पुन्हा पटावर न्यायचा. पट राज्य चालवतो, टेबल रण.

आमच्या हाती पट आला तो फ्रान्सिस ट्रेशम यांचा 'सिव्हिलायझेशन'. १९८० साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेला. याच नावाच्या संगणकीय खेळाशी त्याची गल्लत होऊ नये. पूर्व भूमध्य प्रदेशाचा नकाशा, इ. स. पूर्व ८००० ते २५० असा काळ, आणि पटावर फासा नाही. प्रत्येक राष्ट्राला ४७ सोंगट्या. याच सोंगट्या उलट्या केल्या की कोषातील पैसा होतात. प्रत्येक नगर दर फेरीला २ सोंगट्या कर देते, म्हणजे राखीव साठ्यातील २ सोंगट्या कोषात जातात. राखीव साठा संपला तर कर देता येत नाही आणि नगर बंड करून दुसऱ्याकडे जाते. शिवाय लोकसंख्या वाढते तीही याच साठ्यातून. तेव्हा कोष तुडुंब भरून ठेवणाऱ्या राजाच्या राज्यात माणसे वाढायची थांबतात. सार्वजनिक वित्ताचा एवढा स्वच्छ पाठ मी एम. ए.च्या वर्गातही ऐकला नव्हता.

व्यापाराचा नियमही पाहण्यासारखा आहे. एकाच मालाची जितकी पाने जमतील, त्या संख्येच्या वर्गाला मालाच्या मूल्याने गुणायचे. सोन्याचे मूल्य ९, धान्याचे ४. सोन्याची दोन पाने ३६ मोलाची. धान्याची तीन पानेही ३६ मोलाचीच. एकट्या राजाला हे जमवणे कठीण, म्हणून शत्रूशीही देवघेव करावी लागते. आणि युद्ध? ते मुद्दाम नीरस ठेवले आहे. कमी सोंगट्यांच्या बाजूने प्रथम एक उचलायची, मग दुसऱ्याने एक, आणि हे प्रदेशाच्या पोषणक्षमतेइतक्या उरेपर्यंत. ट्रेशम यांच्या लेखी युद्ध म्हणजे दोघांचीही उधळपट्टी.

या पटाला टेबलावरची लढाई जोडणे वाटते तितके सोपे नाही. लढाईसाठी आम्ही फिल बार्कर प्रभृतींची १९९०ची 'दे बेलिस अँटिक्विटॅटिस' ही नियमावली घेतली. तिच्यात प्रत्येक फौज १२ तुकड्यांची असते आणि लढाई तासाभरात आटोपते. आम्ही पाच जण होतो. कर्नलसाहेब, मी, दोन अभियंते आणि कर्नलसाहेबांची महाविद्यालयात शिकणारी नात. दोन व्यवस्थांमधील विनिमय दर ठरवण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले.

मी ते सरकारी पद्धतीने केले. हत्तींचा चारा, नद्यांचे पूर, महिनावार पिके, सैनिकांचा प्रवासभत्ता म्हणावा असा एक तक्ता; एकूण ३४ पानांची नियमावली आणि तीन परिशिष्टे. पहिल्या दोन रविवारी मिळून एक फेरी पूर्ण झाली. तिसऱ्या रविवारी अभियंते आले नाहीत. कर्नलसाहेबांच्या नातीने शांतपणे विचारले, "काका, यातला कुठला नियम काढला तर खेळ बिघडेल?" मी पाने चाळत राहिलो. उत्तर देता येईना.

मग त्या मुलीने एका पानावर नियम लिहिले. पटावरची एक सोंगटी म्हणजे टेबलावरची एक तुकडी. विषम लढाई टेबलावर आणायचीच नाही, पटाच्या नियमाने मिटवायची. कारण दहा विरुद्ध दोन खेळायला कोणी वेळ काढत नाही. जिंकणाऱ्याच्या गमावलेल्या तुकड्यांपैकी निम्म्या परत येतात, कारण मैदान ज्याच्या हाती, त्याला आपले जखमी गोळा करता येतात. हरणाऱ्याला माघारीची वाट मोकळी असेल तर तिसरा हिस्सा परत. बाकीच्या राखीव साठ्यात. एवढेच. या एका पानावर आमची मोहीम चौदा रविवार चालली.

आणि तेव्हा मला कर्नलसाहेबांच्या वाक्याचा अर्थ कळू लागला. सुट्या लढाईत मी शेवटचा हत्तीही निर्धास्त लोटत असे. संध्याकाळी सगळे पेटीतच जायचे असते. मोहिमेत हात थांबू लागला. जिंकता येईल अशी लढाई मी दोनदा टाळली, कारण जिंकून उरणाऱ्या चार तुकड्यांनी पुढच्या फेरीत सीमा राखता आली नसती.

इतिहासातील सर्वांत लखलखीत उदाहरण हॅनिबलचे. इ. स. पूर्व २१६ साली कॅनीच्या मैदानात त्याने रोमन सैन्याला वेढून कापून काढले. लिव्हीच्या हिशेबाने एका दिवसात ४८,००० रोमन मेले. टेबलावर मांडली तर यापेक्षा परिपूर्ण लढाई नाही. पण पॉलिबियसने इ. स. पूर्व २२५ची रोम आणि त्याच्या मित्रांची शस्त्र धरू शकणारी माणसे मोजून ठेवली आहेत. सुमारे ७,००,००० पायदळ आणि ७०,००० घोडदळ. हॅनिबल टेबल जिंकत होता. रोमचा राखीव साठा मात्र संपत नव्हता. चौदा वर्षांनी, इ. स. पूर्व २०२ मध्ये, झामाला निकाल लागला. कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगताना कोष आधी आणि दंड म्हणजे सैन्य नंतर ठेवले आहे. त्या क्रमाकडे मी इतकी वर्षे पाठांतराचा भाग म्हणूनच पाहत होतो.

आता जे लिहिणार आहे, ते लिहिताना थोडा संकोच वाटतो. ट्रेशम यांच्या खेळात जहाज बांधायला २ सोंगट्या लागतात आणि ते तरंगते ठेवायला दर फेरीला १. म्हणजे दोनच फेऱ्यांत देखभालीचा खर्च बांधणीइतका होतो. हा नियम प्रथम वाचला, तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका प्रादेशिक कार्यालयाचा मी प्रमुख होतो. फेब्रुवारीत मोठी रक्कम शिल्लक दिसली. ३१ मार्चला ती व्यपगत झाली असती आणि पुढील वर्षीच्या तरतुदीला कात्री लागली असती. मी सहा आठवड्यांत सारी रक्कम तपासणी यंत्रांवर खर्च केली. निविदा नियमानुसार, नस्ती निर्दोष, लेखापरीक्षणात आक्षेप नाही. वरिष्ठांनी पाठ थोपटली. जूनमध्ये माझी बदली झाली. देखभालीचा करार आणि यंत्रे चालवणारी माणसे यांचा विचार मी पुढच्या वर्षावर टाकला होता. आणि पुढचे वर्ष माझे नव्हते.

तीन वर्षांनी त्या गावी जाण्याचा योग आला. यंत्रे होती, प्लास्टिकच्या आवरणांसकट. माझ्यानंतर आलेल्या अधिकाऱ्याने कडवट शब्दही काढला नाही. फक्त खोलीचे कुलूप उघडून दाखवले आणि चहा मागवला. ती माझी कॅनी होती. टेबल मी जिंकलो होतो.

आपली प्रशासनव्यवस्था अधिकाऱ्याला सुटी लढाई लढायला शिकवते. वर्ष ३१ मार्चला संपते, पदावरचा काळ दोन-तीन वर्षांत. गुण त्या मुदतीतच मोजले जातात. पुढचा डाव कोणाच्या सोंगट्यांवर खेळला जाणार, हे विचारणारा रकाना आपल्या अहवालात नाही. यावर नवी नियमावली काढावी, असे पूर्वी सुचले असते. पण ३४ पानांचा अनुभव ताजा आहे. उद्याचा हिशेब हवा, हे खरे. पण तो थकलेल्या माणसालाही ठेवता यावा इतका साधा हवा. नाहीतर हिशेब ठेवणे हेच एक वेगळे राज्य होऊन बसते.

गेल्या वर्षी सिकंदराबादचा कार्यभार सोपवला. टिपणाच्या वर मी एक पान जोडले. राखीव साठा किती. कोणती जहाजे तरंगत आहेत. ती तरंगती ठेवायला दर वर्षी किती लागेल. आणि कोणती मी बांधायला नको होती. उत्तराधिकाऱ्यांनी ते पान दोनदा वाचले आणि विचारले, "ही जहाजे कोणती, सर? आपल्याकडे तर समुद्र नाही."

मी त्यांना शेजारच्या कर्नलसाहेबांकडे चहाला घेऊन गेलो.