आष्टी-चिमूर प्रकरण : लेखी हुकूम आणि न झालेली चौकशी

वर्धा जिल्ह्यांतील आष्टी हें गांव जुन्या वास्तूंच्या अभ्यासकांस ठाऊक आहे तें तेथील कबरींमुळें. जहांगीर बादशहाच्या वेळीं महंमदखान नियाझी याजकडे आष्टीची जहागीर होती. त्याची कबर मोगली धाटणीची असून पाहण्यासारखी आहे. आम्हीही आष्टीस प्रथम गेलों ते तिच्यासाठींच. परंतु आज त्या गांवाच्या नांवास जें 'शहीद' हें उपपद लागतें, त्याचा नियाझीशीं कांहीं संबंध नाहीं. तें १६ ऑगस्ट १९४२ या दिवसानें दिलेलें आहे. त्या दिवशीं नागपंचमी होती. सरकारी कागदांत इंग्रजी तारीख आहे. गांव मात्र आपल्या हुतात्म्यांचें स्मरण तिथीनें करतें.

प्रसंग थोडक्यांत असा. ८ ऑगस्टच्या रात्रीं मुंबईस 'छोडो भारत'चा ठराव झाला व दुसऱ्या दिवशीं पहांटे पुढारी पकडले गेले. पुढें आठवड्याभरानें आष्टीस लोक निशाण घेऊन पोलीस ठाण्यावर गेले. पोलिसांनीं गोळ्या झाडल्या, माणसें पडलीं, आणि खवळलेल्या जमावानें ठाण्यावर चाल करून तेथील अंमलदार व कांहीं शिपाई ठार केले. त्याच दिवशीं शेजारच्या चांदा जिल्ह्यांत चिमूर येथें गोळीबारांत बालाजी रायपूरकर हा कोंवळा मुलगा मरण पावला, व तेथेंही जमावाच्या हातून सरकारी अधिकाऱ्यांचे प्राण गेले. यांतील एक बाजू सांगून दुसरी झांकणें हें पोवाड्यांत खपेल, इतिहासांत खपणार नाहीं.

येथें एक भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याची गल्लत आम्हीं अनेक लेखांत पाहिली आहे. १६ तारखेचा गोळीबार पोलिसांचा होता. लष्कर चिमुरांत आलें तें १९ तारखेस, म्हणजे जमाव केव्हांच पांगल्यावर. पुरुषांची धरपकड झाली. घरें लुटल्याच्या व स्त्रियांवर बलात्कार झाल्याच्या तक्रारी बाहेर आल्या त्या या दुसऱ्या पर्वांतल्या. जमावावर झाडलेल्या गोळीस 'आत्मसंरक्षण' असें उत्तर देतां येतें, मग तें खरें असो वा खोटें. रिकाम्या रस्त्यांच्या गांवांत घडलेल्या गोष्टींस तें उत्तर लागू पडत नाहीं. म्हणून जबाबदारीचा प्रश्न चिमुरास अधिक उघडा पडला.

आतां कायदा पाहूं. १८९८ च्या फौजदारी व्यवहारसंहितेंत जमाव पांगविण्याचीं कलमें होतीं. मॅजिस्ट्रेटनें सांगितल्यास लष्करी अधिकाऱ्यानें मदत करावी, पण बळ शक्य तितकें कमी वापरावें व इजा शक्य तितकी कमी करावी, असें १३० वें कलम बजावीत होतें. १३२ वें कलम सांगे कीं, या कामाबद्दल कोणावर खटला करणें तर आधीं सरकारची मंजुरी घ्यावी. एका हातानें मर्यादा घातली आणि दुसऱ्या हातानें ती मोडणारास दाराआड उभें केलें, अशी ही रचना होती.

परंतु तेवढेंही सरकारास पुरेसें वाटलें नाहीं. १५ ऑगस्ट १९४२ रोजीं, म्हणजे आष्टी व चिमूर येथील प्रसंगांच्या आदल्याच दिवशीं, व्हाइसरॉय लॉर्ड लिन्लिथगो यांनीं सैन्याच्या विशेष अधिकारांचा वटहुकूम काढला. कॅप्टनच्या वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यास आपल्या हाताखालच्या शिपायांकडून, ठराविक प्रसंगीं, प्राण जाईपर्यंत बळ वापरविण्याची मुभा त्यानें दिली. अशा हुकुमाबद्दल किंवा त्याखालीं केलेल्या कृत्याबद्दल मध्यवर्ती सरकारच्या पूर्वमंजुरीवांचून कोणत्याही न्यायालयांत जातां येणार नाहीं, असेंही त्यांत होतें. मात्र त्यांतील दोन शब्द आमच्या वाचकांच्या विशेष कामाचे आहेत : हुकूम 'लेखी' पाहिजे. म्हणजे ज्या वटहुकुमानें शिपायास अभय दिलें, त्यानेंच त्या अभयास कागदाची अट घातली. स्त्रियांच्या अब्रूवर हात घालण्याचा हुकूम तर कोणत्याही कायद्याखालीं निघूं शकत नाहीं. तेव्हां त्या तक्रारींस हें अभय पोंचतच नव्हतें. चौकशी नाकारण्यास कायद्याचा आधार नव्हता, ती केवळ इच्छेची गोष्ट होती.

तक्रारी वाऱ्यावर गेल्या नव्हत्या. डॉ. मुंजे चिमुरास जाऊन आले. नागपूरच्या प्रतिष्ठित स्त्रियांनीं तेथें जाऊन पीडितांचें म्हणणें ऐकलें. त्यांत रमाबाई तांबे होत्या. गव्हर्नर सर हेन्री ट्वायनम यांच्या सरकारनें चौकशीस नकार दिला. तेव्हां सेवाग्राम आश्रमांतील प्रा. जयकृष्ण भन्साळी पुढें आले. हे गृहस्थ राजकारणी नव्हते. मौन, भ्रमण व कडक तप यांतच त्यांचें आयुष्य गेलें होतें. नोव्हेंबरांत ते दिल्लीस लोकनायक बापूजी अणे यांच्याकडे गेले. अणे यवतमाळचे, आणि त्या वेळीं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत होते. आपल्याच भागांतील स्त्रियांची दाद त्यांनीं लावावी, ही भन्साळींची अपेक्षा वाजवी होती. दिल्लींतून त्यांस परत पाठविण्यांत आलें. मग ११ नोव्हेंबर १९४२ पासून त्यांनीं उपवास मांडला, आणि त्या स्थितींत पायीं चिमूरची वाट धरली. सरकारनें त्यांस पकडून परत वर्ध्याकडे आणलें.

हा उपवास त्रेसष्ट दिवस चालला. त्याच्या बातम्या छापण्यास बंदी झाली, तेव्हां ६ जानेवारी १९४३ रोजीं देशांतील अनेक वृत्तपत्रांनीं आपला अंकच काढला नाहीं. १२ जानेवारीस डॉ. ना. भा. खरे यांच्या मध्यस्थीनें उपवास सुटला व बातम्यांवरील बंदी उठली. चौकशी मात्र झाली नाहीं. भन्साळींची मागणी किती लहान होती हें पाहण्यासारखें आहे : कोणास फांशी द्या असें ते म्हणत नव्हते, विचारपूस करा एवढेंच म्हणत होते.

याच्या उलट बाजूस गांवकऱ्यांवरील खटले पाहावे. खास न्यायालयें बसलीं, आरोपींचीं नांवें, साक्षी, जबान्या सर्व कांहीं लिहिलें गेलें, व अनेकांस देहान्ताची शिक्षा झाली. त्या शिक्षा रद्द व्हाव्या म्हणून अनसूयाबाई काळे यांनीं जी खटपट केली ती विदर्भानें विसरूं नये. १९४५ सालीं उरलेल्या फांशा टळल्या. एकाच प्रकरणांत जमावाचा शब्दन्‌शब्द दप्तरांत आहे, आणि सैन्याच्या बाजूचा एकही साक्षीदार उलटतपासणीस उभा राहिला नाहीं.

अमृतसरच्या १९१९ सालच्या हत्याकांडाशीं याची तुलना केल्याखेरीज राहवत नाहीं. तेथेंही न्याय झाला नाहीं. अधिकाऱ्यांस संरक्षण देणारा कायदा साक्षी होण्यापूर्वींच पसार झाला, आणि जनरल डायरवर खटला न होतां त्यास केवळ नोकरींतून जावें लागलें. तरी हंटर समितीपुढें तो उभा राहिला, व सर चिमणलाल सेटलवाड यांनीं विचारलेल्या प्रश्नांस त्याला उत्तरें द्यावीं लागलीं. आज आपण त्याच्याविरुद्ध जें बोलतों त्यांतील पुष्कळसें त्याच्याच तोंडचें आहे. चिमुरास तेवढेंही लाभलें नाहीं. एका उलटतपासणीची किंमत किती, हें या दोन प्रकरणांच्या कागदांवरून कळतें.

आमच्या जुन्या शास्त्रकारांस हा प्रश्न अपरिचित नव्हता. ज्या अपराधास सामान्य माणसास एक कार्षापण दंड, त्याच अपराधास राजास सहस्र, असें मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत म्हटलें आहे. शाळेंत हा श्लोक शिकवितांना एका विद्यार्थ्यानें, "गुरुजी, पण तो दंड राजाकडून वसूल कोण करणार?" असें विचारलें होतें. आम्हीं त्या वेळीं टीकाकारांचें मत सांगून वेळ मारून नेली. पुण्याच्या घाशीराम कोतवालाचें १७९१ सालचें प्रकरण कोणी उत्तर म्हणून पुढें करील. परंतु कोंडलेले ब्राह्मण मेले म्हणून कोतवालास दगडांनीं मारणें हा सूड झाला, निवाडा नव्हे.

असो. १९४२ च्या वटहुकुमाचा सांगाडा १९५८ च्या कायद्यांत उतरला. त्यांत कॅप्टनचा दर्जा गळाला व खालच्या हुद्द्यांसही अधिकार मिळाला, पूर्वमंजुरीची अट मात्र राहिली. २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेंतही १५१ वें कलम त्याच वळणाचें आहे. म्हणून हा प्रश्न केवळ जुना नव्हे.

आमच्या संग्राहक बंधूंस एक विनंति आहे. पोथ्या, सनदा व फर्मानें यांसाठीं आपण जसे आड्यावरचे रुमाल सोडतां, तसेच १६ ऑगस्ट ते सप्टेंबरअखेर १९४२ या काळचे कागदही सोडून पाहावे : आर्वी, आष्टी, वरोडा व चिमूर या भागांतील पाटलांच्या वह्या, वकिलांच्या घरचीं खटल्याचीं टिपणें, तुरुंगांतून आलेलीं पत्रें, लष्करास धान्य व गाड्या पुरविल्याच्या पावत्या. पावतीवर तारीख असते, तुकडीचें नांव असतें, सही करणाऱ्याचा हुद्दा असतो. लेखी हुकुमाचा माग त्यावरूनच लागेल. कागद ज्या रुमालांत सांपडला त्याच क्रमानें ठेवावा, नक्कल मंडळाकडे पाठवावी, आणि स्त्रियांच्या जबान्या असल्यास नक्कल करतांना त्यांचीं नांवें गाळावीं.