दौंडचे रूळ आणि दोन झेंडे

घोडनदीकाठच्या शिरूरला रेल्वे नाही. भीमाकाठचे दौंड मात्र जंक्शनच्या बळावरच वाढले. म्हणून ८ मे १९७४ रोजी सुरू झालेला देशव्यापी रेल्वे संप आम्हांला दूरची वार्ता वाटत नाही. मागण्या साध्या होत्या: आठ तासांचे काम आणि बोनस. पण झेंडे दोन! समाजवादी जॉर्ज फर्नांडिस यांचे फेडरेशन संपात, काँग्रेसच्या छायेतले बाहेर. आठ तास काय काँग्रेसवाल्या फायरमनला नको होते? सुमारे १७ लाख कामगार उतरले, हजारो तुरुंगात गेले. २७ मे रोजी संप मागे घेतला गेला. केवळ दडपशाहीनेच तो मोडला, असे आम्हांस वाटत नाही. बडतर्फांना परत घेण्यास १९७७ चे सत्तांतर यावे लागले. बोनस १९७९ साली मिळाला.