बुलडाण्यात जन्मलेल्या एका पुस्तकाची कुळकथा

आमचं वडनेर भोलजी घाटाखाली, मलकापूर-नांदुरा रस्त्यावर. आमचा जिल्ह्याचा गाव बुलडाणा घाटावर. इंग्रजी अमलात तिथल्या कचेरीत बापूजी हरी शिंदे कारकून होते. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे सभासद. मराठा घराण्यात बायकांना उंबऱ्याबाहेर मज्जाव असण्याचे ते दिवस. तरी त्यांनी लेकीला, ताराबाईला, मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. ताराबाईंच्या 'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकाची मुळं या घरात आहेत.

निमित्त घडलं सुरतेकडे. १८८१ मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात बाळाला मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली; पुढे शिक्षा कमी होत पाच वर्षांवर आली. त्यावरून समस्त बायकांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडू लागले, 'पुणे वैभव' पत्र त्यात पुढे. तिला त्या अवस्थेला नेणारा पुरुष आणि तिचा पुनर्विवाह रोखणारी रूढी यांना मात्र कुणी जाब विचारीना. तो ताराबाईंनी विचारला. १८८२ मध्ये पुण्यात पुस्तक छापून निघालं. प्रती ५००, किंमत नऊ आणे.

मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की ताराबाईंनी देव सोडला नाही. स्त्री आणि पुरुष दोघांनाही घडवणारा ईश्वर त्यांनी मानला, आणि जाब विचारला तो शास्त्रं रचणाऱ्या पुरुषांना. बायकांचे दुर्गुण मोजणारा संस्कृत श्लोक घेतला आणि एकेक दुर्गुण पुरुषांच्याच पदरात घातला. पती हाच देव, तर त्याने देवासारखं वागायला नको का? सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दारी गेली. बायकोसाठी त्या वाटेला कोणता नवरा लागला? पुराणं ऐकत वाढलेल्या बाईचे हे प्रश्न आहेत, म्हणून ते इतके वर्मी लागतात. अमेरिकेत एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी बायबलची अशी झाडाझडती छापली ती १८९५ मध्ये, तेरा वर्षांनंतर.

टीकेचा भडिमार झाला. फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली, पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. हेही विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं १९७५ मध्ये. दरम्यान ९३ वर्षं गेली, आणि घाटाखालच्या आमच्या आज्यांच्या हाती ते कधी पडलंच नाही, हे मला आजही सलतं.