गोळी स्वस्त कधी होते? पेटंटच्या तारखेची गोष्ट

"डॉक्टर, ही साखरेची गोळी आधी साठ रुपयाला एक मिळायची. आता मेडिकलवाला दहा रुपयाला देतोय. नकली तर नाही ना?"

भोकरच्या ओपीडीत हा प्रश्न बऱ्याचदा येतो. गोळी असते एम्पाग्लिफ्लोझिन. शंका आली म्हणून काही जण गोळी बंदही करतात आणि पुढच्या वेळी साखर वाढवून येतात. म्हणून आधीच सांगतो: ११ मार्च २०२५ रोजी या औषधाच्या पेटंटची मुदत भारतात संपली. अनेक कंपन्या ते बनवू लागल्या आणि भाव उतरला.

पण ही तारीख ठरवतं कोण? ती पुढे ढकलता येते का? त्यासाठी थोडा इतिहास पाहू.

मुदत कशी मोजतात?

पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्याला ठरावीक काळासाठी मिळालेला एकाधिकार. त्या काळात परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाला ती वस्तू बनवता येत नाही.

इंग्रजांच्या १९११ च्या कायद्यात मुदतवाढ मागण्याची सोय होती. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या समितीने १९५९ मध्ये अहवाल दिला आणि त्या आधारावर १९७० चा पेटंट कायदा झाला. त्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळणं बंद झालं. ते फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळे, तेही जास्तीत जास्त सात वर्षं. आपल्याकडचा स्वस्त औषधांचा उद्योग याच काळात उभा राहिला.

पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे पेटंटची मुदत वीस वर्षं झाली आणि २००५ पासून औषधाच्या रेणूवरही पेटंट मिळू लागलं.

ही वीस वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात, औषध बाजारात आल्यापासून नाही. ठोक्याने घेतलेल्या शेताची मुदत करारापासून धरतात, पहिलं पीक घरात आल्यापासून नाही, तसंच हे. चाचण्यांमध्ये आठ-दहा वर्षं सहज जातात. अमेरिकेत त्याची भरपाई म्हणून १९८४ च्या कायद्याने पाच वर्षांपर्यंत मुदतवाढ मिळू शकते. भारतात अशी मुदतवाढ नाही. एका अर्जातून फोडून दुसरा अर्ज केला, तरी त्याची वीस वर्षं मूळ अर्जाच्या तारखेपासूनच धरतात.

मात्र एक वाट उरते. त्याच औषधाचं नवं रूप, म्हणजे नवा क्षार किंवा नवं मिश्रण, दाखवून नवीन तारखेचा स्वतंत्र अर्ज करायचा. तो मंजूर झाला की वीस वर्षं नव्याने सुरू.

मुंबईतली लढाई

नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीला आपण एमडीआर टीबी म्हणतो. त्याचा जुना उपचार दोन वर्षांपर्यंत चालायचा आणि त्यात कित्येक महिने इंजेक्शनं असायची. त्या इंजेक्शनांमुळे काही रुग्णांची ऐकण्याची शक्ती कायमची जायची. बेडाक्विलिन ही गोळी आली आणि हे चित्र बदललं.

तिच्या मूळ पेटंटची तारीख १८ जुलै २००३. अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली डिसेंबर २०१२ मध्ये, म्हणजे वीसपैकी नऊ वर्षं तिथेच गेली. भारतात हे पेटंट १८ जुलै २०२३ ला संपणार होतं. पण जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने बेडाक्विलिनच्या फ्युमरेट क्षारासाठी वेगळा अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता तर एकाधिकार डिसेंबर २०२७ पर्यंत गेला असता, म्हणजे जवळपास साडेचार वर्षं जास्त.

या अर्जाला २०१९ मध्ये हरकत घेतली ती मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी. दोघी टीबीतून वाचलेल्या, आणि दोघींची श्रवणशक्ती उपचारातल्या औषधाने गेलेली. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेचं त्यांना पाठबळ होतं. आपल्या कायद्यात पेटंट मंजूर होण्याआधी कुणीही हरकत घेऊ शकतो. वकील किंवा कंपनी असण्याची अट नाही.

त्यांच्या हाताशी कलम ३(ड) होतं. माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप जुन्यापेक्षा जास्त गुणकारी नसेल, तर त्याला पेटंट नाही, असं हे कलम सांगतं. याच कलमावर १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेकचं पेटंट नाकारलं होतं. २३ मार्च २०२३ ला मुंबईच्या पेटंट कार्यालयाने फ्युमरेट क्षाराचा अर्जही फेटाळला.

जुलैत मूळ पेटंट संपलं आणि दुसऱ्या कंपन्यांना वाट मोकळी झाली. जगभरातूनही कंपनीवर दबाव होताच. त्याच ऑगस्टमध्ये जागतिक खरेदीत सहा महिन्यांच्या औषधाचा कंपनीचा भाव २८९ डॉलरवरून १३० डॉलरवर आला.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

टीबीची औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. मग भावाशी आपला काय संबंध, असं वाटेल. पण तेवढ्याच पैशात किती रुग्णांना औषध घेता येईल, हे भावावरच ठरतं. २०२४ मध्ये केंद्र सरकारने बेडाक्विलिनसह चार औषधांच्या सहा महिन्यांच्या गोळ्यांच्या उपचाराला मान्यता दिली. त्यात इंजेक्शन नाही.

तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- भाव अचानक उतरला म्हणून गोळी बंद करू नका. पेटंट संपलं का, हे आधी विचारा.
- स्ट्रिपवर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम तेच आहेत ना ते पाहा, पक्कं बिल घ्या, आणि ब्रँड बदलल्यावर एकदा साखर तपासून घ्या.
- दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. एमडीआर टीबीची औषधं मनाने सुरू किंवा बंद करू नका. बेडाक्विलिन चालू असताना ईसीजीही काढावा लागतो.

पुढच्या वेळी स्वस्त झालेली गोळी हातात आली की घाबरू नका. कधी ती तारीख आली म्हणून स्वस्त झालेली असते, आणि कधी कुणीतरी ती तारीख पुढे ढकलू दिली नाही म्हणून.