माहुलची क्षेत्रभेट आणि इतिहासाचे अध्यापन

इतिहास विभागाची क्षेत्रभेट म्हटली की मुंबईतील महाविद्यालये कान्हेरी किंवा घारापुरीची वाट धरतात. माहुलला विद्यार्थी जातात ते बहुधा पर्यावरण अभ्यासासाठी. सर्वोच्च न्यायालयाच्या 2003 च्या निर्देशानंतर लागू झालेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 50 तासिकांच्या अभ्यासक्रमात 5 तासिका क्षेत्रकार्यासाठी होत्या व त्यात प्रदूषित स्थळाच्या भेटीचा समावेश होता. माहुलची ही ओळख खोटी नाही, परंतु अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

माहुल हे खाडीकाठचे जुने कोळी गाव. 1951 मध्ये भारत सरकारने विदेशी तेल कंपन्यांशी करार केले आणि 1954-55 मध्ये या परिसरात स्टॅनव्हॅक व बर्मा-शेल यांचे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. राष्ट्रीयीकरणानंतर ते अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम यांच्याकडे आले. पाठ्यपुस्तकात हा भाग औद्योगिक प्रगती म्हणून दोन ओळींत संपतो. गाळात टेकलेल्या होड्या व त्यांच्यामागची धुरांडी एकत्र पाहिल्यावर मात्र विद्यार्थ्याला आधी कोण आले, हा प्रश्न पडतो. (हिवाळ्यात ओहोटीला रोहित पक्षी दिसले, तर निम्मा वर्ग तो प्रश्न विसरतो, हेही खरे!)

गावापासून जवळच असलेल्या पुनर्वसन वसाहतीत या प्रश्नाचे उत्तर उलटे होते. येथे कारखाने आधी आले, माणसे नंतर. माहुल व आंबापाडा येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्यास धोका असल्याचे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर 2015 मध्ये नमूद केले होते. तरीही 2017 पासून तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबे येथे हलविण्यात आली. विद्याविहार येथे रहिवाशांनी दीर्घ आंदोलन केले. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अन्यत्र राहण्यासाठी दरमहा 15,000 रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. एकच दर्प, पण त्यामागील कालक्रम दोन. हा भेद प्रदूषणाच्या मोजणीतून हाती लागत नाही. त्यासाठी निकालपत्रे भेटीपूर्वी वर्गात वाचावी लागतात.

प्रश्नावलीचाही विचार व्हावा. तुम्हाला कोणता आजार आहे, या प्रश्नाने मुलाखत सुरू करणे असभ्यपणाचे आहे. रहिवासी म्हणजे प्रदर्शनातील वस्तू नव्हेत. आपण येथे केव्हा आणि कोठून आलात, हा इतिहासाचा साधा प्रश्न प्रथम विचारावा. अहवालात छायाचित्रांऐवजी या उत्तरांतील वर्षे नोंदविलेला परिसराचा नकाशा मागविल्यास मूल्यमापनही सोपे जाते.